सितोचा मठ आणि सिस्टर्शियन संघ: एका फुटीतून संस्था कशी घडली

कॅथलिक धर्मसंघांची आपल्याकडची ओळख मुख्यतः गोव्यातून आणि वसईतून झालेली आहे. जुन्या गोव्यातला ऑगस्टिनियनांचा पडका मनोरा किंवा वसईच्या किल्ल्यातली फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन आणि जेझुइट चर्चांची भग्न दालने पाहिलेल्या माणसाला धर्मसंघ म्हणजे ठिकठिकाणी शाखा असलेली, वरून आदेश येणारी आणि आपल्या माणसांची देशोदेशी रवानगी करणारी संस्था वाटते, आणि या संघांपुरते ते बरोबरही आहे. मात्र युरोपातल्या मठांचा इतिहास या संघांच्या कितीतरी आधी सुरू होतो आणि त्या जुन्या मठांना अशी संस्था जवळजवळ ठाऊकच नव्हती. मठात येणारा माणूस त्याच एका मठात मरेपर्यंत राहण्याचे व्रत घेत असे. प्रत्येक मठ आपल्या मठाधिपतीच्या हाताखाली स्वतंत्रपणे चाले. दुसऱ्या मठाशी त्याचा संबंध असलाच, तर तो बहुधा एकमेकांच्या मृतांसाठी प्रार्थना करण्यापुरता असे. वेगवेगळ्या राज्यांतले शेकडो मठ एका नियमाखाली आणि एका सभेखाली आणायचे, तरीही प्रत्येकाचे स्वतंत्र अस्तित्व शिल्लक ठेवायचे, ही गोष्ट मोठ्या प्रमाणावर प्रथम साधली ती फ्रान्समधील बर्गंडीत जन्मलेल्या सिस्टर्शियन संघाने.

या संघाची स्थापना १०९८ साली झाली असे सर्वत्र छापलेले आढळते. ते अर्धेच खरे आहे. १०९८ साली एक मठ स्थापन झाला, आणि तोही जुन्या मठातून बाहेर पडलेल्या मूठभर माणसांचा. संघ स्थापन करण्याचा त्यांचा मानस होता असे दाखवणारा कोणताही पुरावा नाही. संघ नंतर घडला, हळूहळू घडला, आणि तो घडण्यामागे कोणा संताच्या तेजापेक्षा एका नीट विचार करून लिहिलेल्या सनदेचा वाटा मोठा आहे, असे माझे मत आहे. ते पटवून देण्यासाठी कथा थोडी मागून सुरू करावी लागेल.

इटलीतल्या नुर्सिया येथे जन्मलेल्या बेनेडिक्टने सहाव्या शतकात, माँटे कॅसिनो येथील आपल्या मठात, मठवाशांसाठी एक नियमावली लिहिली. तिची ७३ लहान प्रकरणे आहेत आणि त्यांत प्रार्थनेच्या वेळांपासून जेवणातल्या शिजवलेल्या पदार्थांच्या संख्येपर्यंत सर्व काही सांगितलेले आहे. दिवसाची विभागणी सामुदायिक प्रार्थना, वाचन आणि हातांचे काम या तिन्हींत व्हावी, असा तिचा रोख आहे. स्तोत्रसंहितेतील १५० स्तोत्रे आठवडाभरात म्हणून व्हावीत, आळस हा आत्म्याचा शत्रू आहे, आणि स्वतःच्या हातांच्या कष्टावर जगणारे तेच खरे मठवासी, असे ती स्पष्ट म्हणते. त्याच वेळी ती विलक्षण लवचिक आहे. आजारी, वृद्ध, लहान मुले यांच्यासाठी नियम सैल करण्याचा अधिकार ती मठाधिपतीला वारंवार देते. पुढच्या सगळ्या वादाचे बीज इथेच आहे, कारण नियमावलीचे अक्षर पाळायचे की मठाधिपतीच्या विवेकाने तिच्यात भर घालायची, या प्रश्नावर दोन्ही बाजूंना तिच्यातच आधार सापडत होता.

नवव्या शतकाच्या आरंभी, सम्राट लुई याच्या काळात, फ्रँकिश साम्राज्यातल्या मठांनी हीच नियमावली पाळावी असे ठरले आणि पुढे पश्चिम युरोपात मठजीवन म्हणजे बेनेडिक्टचा नियम असे समीकरण रूढ झाले. परंतु कागदावरचा नियम एक आणि चालीरीती दुसऱ्या, अशी स्थिती लवकरच आली. तिचे सर्वांत भव्य रूप म्हणजे क्लूनी. ॲक्विटेनचा ड्यूक विल्यम याने ९१० च्या सुमारास बर्गंडीत हा मठ वसवला आणि स्थानिक सरदारांचा किंवा बिशपचा हात त्यावर राहू नये म्हणून तो थेट पोपच्या संरक्षणाखाली दिला. चारित्र्यवान आणि दीर्घायुषी मठाधिपतींची परंपरा क्लूनीला लाभली. त्यांपैकी ह्यू हा तर १०४९ पासून ११०९ पर्यंत, म्हणजे साठ वर्षे, मठाधिपती होता. शेकडो मठ क्लूनीच्या छत्राखाली आले. पण त्यांतल्या बहुतेकांना स्वतःचा मठाधिपती नव्हता. सर्वांचा मठाधिपती एकच, क्लूनीचा. बाकी ठिकाणी त्याने नेमलेले उपप्रमुख. युरोपभर पसरलेल्या या सगळ्या मठवाशांचा गुरू कागदोपत्री एकच माणूस होता आणि त्यातल्या अनेकांनी त्याला फार तर एखाद्या वेळी पाहिलेले असे.

क्लूनीत प्रार्थना हेच जवळजवळ पूर्ण वेळचे काम झाले होते. मूळ नियमात सांगितलेल्या स्तोत्रांवर मृतांसाठीची, दात्यांसाठीची, संतांच्या सणांची अशी भर पडत गेली आणि एका दिवसात म्हणायच्या स्तोत्रांची संख्या मूळ प्रमाणाच्या कितीतरी पट झाली. साहजिकच शेतात काम करायला वेळ उरला नाही. हातांचे काम नावापुरते राहिले. जमीन कसणारे वेगळे होते, जमिनीला बांधलेले भूदास होते, गावेच्या गावे मठाच्या मालकीची होती, आणि ग्रामचर्चांचे उत्पन्न, दशमांश (म्हणजे चर्चसाठी द्यायचा उत्पन्नाचा दहावा हिस्सा), गिरण्यांचे आणि भट्ट्यांचे शुल्क मठाच्या तिजोरीत येत होते. १०८८ साली तिथे जे नवे चर्च बांधायला घेतले, ते रोममधले सेंट पीटरचे आजचे चर्च उभे राहीपर्यंत ख्रिस्ती जगातले सर्वांत मोठे चर्च होते. क्लूनी भ्रष्ट होते असे यावरून समजण्याचे कारण नाही. दान देणारे सरदार आपल्या आत्म्याच्या मुक्तीसाठी उत्तम प्रतीची प्रार्थना मागत होते आणि क्लूनी ती मनोभावे पुरवत होते. दानाच्या बदल्यात प्रार्थना हा व्यवहार दोन्ही बाजूंनी प्रामाणिक होता, आणि त्याच प्रामाणिकपणातून संपत्ती वाढत होती.

अकराव्या शतकाच्या उत्तरार्धात या संपत्तीविषयीची अस्वस्थता सर्वत्र दिसू लागते. एकीकडे पोप सातवा ग्रेगरी चर्चला राजेरजवाड्यांच्या ताब्यातून सोडवू पाहत होता. दुसरीकडे इटलीत आणि फ्रान्समध्ये एकटेदुकटे लोक रानात जाऊन एकांतवास करू लागले होते. १०८४ साली ब्रुनो नावाच्या विद्वानाने आल्प्सच्या पायथ्याच्या डोंगराळ भागात जो आश्रम स्थापन केला, तिथून पुढे कार्थुसियन संघ निघाला. त्याआधी हा ब्रुनो काही काळ ज्यांच्या आसऱ्याला राहिला होता, ते मोलेमचे मठाधिपती रॉबर्ट आपल्या कथेतले पहिले पात्र आहे.

रॉबर्ट हे स्वस्थ न बसणारे गृहस्थ होते. शँपेन प्रांतात जन्मलेले, तरुणपणीच मठात गेलेले, एका मठात उपप्रमुख, दुसऱ्यात मठाधिपती, तिथून कोलां येथील वनवासी तपस्व्यांचे मार्गदर्शक, आणि शेवटी १०७५ साली त्यांनाच सोबत घेऊन स्थापन केलेल्या मोलेमच्या मठाचे प्रमुख, असा त्यांचा प्रवास आहे. मोलेमची सुरुवात झाडांच्या फांद्यांच्या झोपड्यांनी झाली. पण तिथल्या कडक राहणीची कीर्ती पसरली आणि जे व्हायचे तेच झाले: आसपासच्या सरदारांनी जमिनी दिल्या, चर्चे दिली, दशमांश दिले, आणि दोन दशकांत मोलेम हा आणखी एक संपन्न मठ झाला. दारिद्र्याची कीर्ती हीच दारिद्र्याची सर्वांत मोठी शत्रू ठरते, हे या संपूर्ण इतिहासात पुन्हा पुन्हा दिसेल.

मठातल्या एका गटाला हे सहन होईना. नियमावली आपण रोज वाचतो, तिच्याप्रमाणे वागण्याचे व्रत घेतले आहे आणि वागतो मात्र दुसरेच, म्हणजे आपण व्रतभंग करतो आहोत, अशी त्यांची तक्रार होती. रॉबर्ट स्वतः, अल्बेरिक आणि स्टीफन हार्डिंग नावाचा एक इंग्रज हे त्यांत प्रमुख होते. ते ल्योंचा आर्चबिशप आणि पोपचा प्रतिनिधी ह्यू याच्याकडे गेले. त्याने दिलेले परवानगीपत्र उपलब्ध आहे. मोलेममध्ये आजवर तुम्ही बेनेडिक्टचा नियम कोमटपणे आणि निष्काळजीपणे पाळला, तो यापुढे अधिक काटेकोरपणे पाळू इच्छिता, आणि ते तिथे राहून शक्य नाही, म्हणून तुम्ही दुसरीकडे जावे, असा त्याचा आशय आहे. पत्रात नवा नियम नाही, नवा पंथ नाही, धर्मतत्त्वाचा वादही नाही. जुना नियम शब्दशः पाळायचा आहे, एवढेच मागणे आहे.

१०९८ च्या वसंतात रॉबर्टबरोबर २१ जण बाहेर पडले. परंपरेने या प्रस्थानाची तारीख २१ मार्च मानली जाते. त्या दिवशी संत बेनेडिक्टचा सण होता आणि त्या वर्षी झावळ्यांचा रविवार, म्हणजे ईस्टरच्या आधीचा रविवारही त्याच दिवशी आला होता, त्यामुळे तारीख जरा जास्तच जुळून आलेली आहे, हे सावध वाचकाच्या लक्षात येईल. जागा होती दिजों शहराच्या दक्षिणेला, सपाट, दलदलीच्या आणि झाडीने भरलेल्या प्रदेशातली, सितो नावाची. जमीन बोनच्या व्हायकाउंटने दिली आणि लाकडी मठ उभारायला बर्गंडीच्या ड्यूकने मदत केली. नंतरच्या वृत्तांतांत या जागेचे वर्णन श्वापदांनी भरलेले घोर अरण्य असे केले आहे. ते बायबलमधल्या शब्दांतले वर्णन आहे आणि ते तेवढेच गांभीर्याने घ्यावे, कारण जागेवर आधीपासून वस्ती आणि एक लहानसे चर्चही होते. या वसाहतीला त्यांनी वेगळे नावसुद्धा दिले नाही. कागदपत्रांत तिला नुसते ‘नवा मठ’ म्हणत.

नवा मठ वर्षभरातच मोडण्याच्या बेतात आला. मोलेममध्ये मागे राहिलेल्यांनी पोप दुसऱ्या अर्बनकडे तक्रार केली की, आमचा मठाधिपती आम्हाला सोडून गेला, आता लोक आमच्याकडे तुच्छतेने पाहतात, त्याला परत पाठवा. पोपने प्रकरण पुन्हा ह्यूकडे सोपवले आणि १०९९ मध्ये रॉबर्टना मोलेमला परतण्याचा आदेश झाला. त्या वेळच्या पत्रात ह्यूने, रॉबर्टने ‘नेहमीच्या चंचलपणाने’ मोलेम पुन्हा सोडलेच तर काय करावे, याची तरतूदही करून ठेवली आहे. संघाचा मूळ पुरुष म्हणून ज्याला पुढे वंदन केले जाते, त्याच्याविषयी समकालीन अधिकाऱ्याने असा शेरा मारावा आणि तो संघाच्याच दफ्तरात जपून राहावा, ही मला या कथेतली सर्वांत खरी वाटणारी जागा आहे. रॉबर्टबरोबर बरेच जण परत गेले. सितोच्या जुन्या मठाधिपतींच्या यादीत रॉबर्टना कितीतरी काळ स्थानच नव्हते.

मागे उरलेल्यांनी अल्बेरिकला मठाधिपती निवडले. त्याने पहिले काम केले ते मठाला कायदेशीर पाया देण्याचे: ११०० साली पोप दुसऱ्या पास्कलकडून संरक्षणपत्र मिळवले, म्हणजे मोलेमने पुन्हा तक्रार करू नये. त्यानंतरच्या काळातले, मठाने स्वतःसाठी घेतलेले निर्णय त्यांच्या आरंभकथेच्या लॅटिन वृत्तांतात नोंदवलेले आहेत आणि ती यादी बारकाईने वाचण्यासारखी आहे. नियमावलीत सापडत नाहीत म्हणून त्यांनी टाकून दिलेल्या वस्तूंमध्ये सैल झगे, लोकरीचे आणि केसाळ कातड्याचे कपडे, टोप्या, चोळणे, कंगवे, पलंगावरची आच्छादने, भोजनगृहातले निरनिराळे पदार्थ आणि स्वयंपाकातली चरबी यांचा समावेश आहे. हे वाचून हसू येते. त्यांच्या समकालीनांनाही चोळण्यांवरून विनोद सुचल्याशिवाय राहिले नाहीत. पण त्याच यादीचा पुढचा भाग हसण्यासारखा नाही. ग्रामचर्चांचे उत्पन्न, वेदीवरची दाने, दफनाचे शुल्क, दुसऱ्यांच्या कष्टाचा दशमांश, भट्ट्या, गिरण्या, गावे आणि भूदास, हे सगळे त्यांनी नाकारले. दशमांशाबाबत त्यांनी कारणही दिले आहे: जुन्या रीतीप्रमाणे दशमांशाचे चार वाटे होतात, एक बिशपचा, एक धर्मगुरूचा, एक पाहुणे, विधवा, अनाथ आणि गरीब यांचा, आणि एक चर्चच्या इमारतीचा, यांत स्वतःच्या जमिनी असलेल्या मठवाशांचा वाटा कुठेच नाही, मग तो घेणे म्हणजे दुसऱ्याचा हक्क बळकावणे होय. कंगवा आणि भूदास एकाच यादीत येतात, कारण दोन्हींना लावलेली कसोटी एकच आहे, आणि ती म्हणजे नियमावलीत ते आहे की नाही. न रंगवलेल्या लोकरीचा पांढुरका पोशाखही परंपरेने याच काळातला मानला जातो. त्यावरून त्यांना ‘पांढरे मठवासी’ म्हणू लागले आणि क्लूनीसारख्या जुन्या मठांतले ‘काळे मठवासी’ ठरले.

इथे एक सरळ अडचण उभी राहते. दशमांश नाही, भूदास नाहीत, आणि दिवसातून अनेक वेळा प्रार्थनेला चर्चमध्ये हजर राहायचे, तर जमीन कसणार कोण? त्यांनी काढलेला मार्ग म्हणजे ‘कॉन्व्हर्सी’ नावाचा वेगळा वर्ग. हे व्रत घेतलेले, दाढी राखणारे, बहुधा निरक्षर आणि शेतकरी घरांतून आलेले बंधू होते. लॅटिन स्तोत्रगायनाच्या जागी त्यांनी मोजक्या प्रार्थना पाठ म्हणाव्यात आणि उरलेला वेळ शेतात, कुरणांवर आणि कार्यशाळांत काम करावे, अशी व्यवस्था होती. मठापासून साधारण एका दिवसाच्या वाटेच्या आत शेतवाड्या असत, तिथे हे बंधू आठवडाभर राहत आणि रविवारी किंवा सणाला मठात परतत. त्यांचे जेवणघर वेगळे, झोपण्याची जागा वेगळी, चर्चमधली बसण्याची जागाही वेगळी होती, आणि त्यांनी कधीही पूर्ण मठवासी होऊ नये असा नियम होता. असा वर्ग इतर काही मठांतही होता, पण सिस्टर्शियनांनी त्याच्यावर आपले सगळे अर्थकारण उभारले. संघाच्या यशाचे गौरवपूर्ण वर्णन करणारे लेखक या माणसांवरून फार घाईने पुढे जातात. इंग्लंडमधल्या रिव्हो मठात एलरेड मठाधिपती असताना, बाराव्या शतकाच्या साठीच्या दशकात, त्याच्या चरित्रकाराच्या म्हणण्यानुसार १४० मठवासी आणि सुमारे ५०० श्रम करणारे होते. आकडा थोडा फुगवलेला धरला तरी प्रमाण बोलके आहे.

अल्बेरिकनंतर, ११०९ च्या सुमारास, स्टीफन हार्डिंग मठाधिपती झाला आणि १११३ पर्यंत मठाची स्थिती पालटली. स्टीफन दक्षिण इंग्लंडमधल्या शेर्बोर्न मठात वाढलेला, तिथून बाहेर पडून रोमपर्यंत प्रवास केलेला आणि पुस्तकांच्या अचूकपणाविषयी कमालीचा आग्रही असा माणूस होता. मठासाठी बायबलची प्रत तयार करताना वेगवेगळ्या हस्तलिखितांतले पाठ जुळेनात, तेव्हा त्याने ज्यू विद्वानांना गाठून जुन्या करारातल्या शंकास्पद ओळींचे हिब्रू मूळ त्यांच्याकडून समजून घेतले आणि लॅटिनमध्ये नंतर घुसलेल्या ओळी खरवडून काढल्या. ते बायबल आज दिजोंच्या ग्रंथालयात आहे. त्याच काळात, ११११ मध्ये, सितोत उतरवून घेतलेल्या एका भाष्यग्रंथातली आद्याक्षरे तर पाहत राहावीत अशी आहेत: कुठे लाकडाचा ओंडका फोडणाऱ्या दोन मठवाशांच्या आकृतीतूनच लॅटिन क्यू हे अक्षर साकारले आहे, तर कुठे उभ्या झाडाचे आय झाले आहे आणि बुंध्याशी वाकलेला मठवासी त्यावर कुऱ्हाड चालवतो आहे. हातांच्या कामाचा जो हट्ट धरून ही माणसे बाहेर पडली, त्याचे याहून जिवंत चित्र मिळणार नाही. पुढे संघाने अक्षरे एका रंगात आणि चित्रांविना लिहावीत असा नियम केला आणि अशी आद्याक्षरे बंद झाली. स्टीफनचे मठाधिपतिपद चालू असतानाच त्याच्या वेळच्या चित्रकलेला ओहोटी लागली असेल, तर त्याला काय वाटले असेल कोण जाणे.

आता बर्नार्डकडे येऊ, कारण लोकप्रिय कथनात सगळा संघ त्याच्या खांद्यावर उभा असतो. दिजोंजवळच्या सरदार घराण्यातला हा तरुण १११३ मध्ये (परंपरेनुसार १११२ मध्ये) आपले भाऊ, नातेवाईक आणि मित्र अशा सुमारे ३० जणांना घेऊन सितोच्या दाराशी आला. रूढ कथा अशी की, मठ तेव्हा रोगराई आणि उपासमारीने मरायला टेकला होता आणि बर्नार्डच्या येण्याने त्याला जीवदान मिळाले. कागदपत्रे वेगळेच सांगतात. सितोचा पहिला कन्यामठ, म्हणजे तिथून माणसे पाठवून वसवलेला मठ, ला फेर्ते हा मे १११३ मध्ये स्थापन झाला, आणि त्याच्या स्थापनापत्रात म्हटले आहे की, सितोत बांधवांची संख्या इतकी वाढली होती की अन्नही पुरेना आणि जागाही पुरेना. नवा मठ वसवायचा तर जमीन मिळवणे, दात्यांशी आणि बिशपशी बोलणी करणे यांत महिने जातात. म्हणजे बर्नार्डची तुकडी येण्याच्या आधीच मठ भरत आला होता, आणि ते स्टीफनचे कर्तृत्व होते. बर्नार्डने भरती वाढवली यात शंका नाही. १११४ मध्ये पोंतिन्यी, १११५ मध्ये क्लेअरव्हो आणि मोरिमों असे आणखी मठ झाले, आणि क्लेअरव्होचा मठाधिपती म्हणून अवघ्या पंचविशीतल्या बर्नार्डला पाठवण्यात आले.

या ठिकाणी स्टीफनसमोर खरा प्रश्न आला. कन्यामठांना सितोच्या शाखा करून टाकायचे, म्हणजे क्लूनीचाच मार्ग धरायचा. की त्यांना पूर्ण मोकळे सोडायचे, म्हणजे एका पिढीत मोलेमची पुनरावृत्ती व्हायची? त्याने दोन्ही नाकारले आणि ‘कार्टा कारितातिस’, म्हणजे प्रीतीची सनद, या नावाचा दस्तऐवज तयार केला. पोप दुसऱ्या कॅलिक्स्टसने २३ डिसेंबर १११९ रोजी बर्गंडीतल्या सोलिय येथे त्याला मान्यता दिली. तोवर कन्यामठांची संख्या दहा-बाराच्या घरात होती.

सनदेची सुरुवातच पैशाच्या प्रश्नाने होते. मातृमठ कन्यामठाकडून कोणतीही वर्गणी घेणार नाही, कारण त्यांच्या गरिबीतून आपण श्रीमंत होऊ पाहिले तर लोभाचे पाप आपल्याला चुकणार नाही, असे ती म्हणते. उलट एखादा मठ फारच अडचणीत आला तर बाकीच्यांनी मिळून त्याला सावरावे. मातृमठाने स्वतःकडे ठेवायचे ते फक्त आत्म्यांच्या काळजीचे काम. सगळ्या मठांनी नियमावलीचा अर्थ सितोत लावला जातो तसाच लावायचा, पोशाख, अन्न, प्रार्थना आणि गायनाची पुस्तके सर्वत्र सारखी ठेवायची, म्हणजे एका मठातला माणूस दुसऱ्या मठात गेला तर त्याला काहीही परके वाटू नये.

एकसारखेपणा सांगणे सोपे, तो टिकवणे अवघड. त्यासाठी सनदेने दोन यंत्रणा उभ्या केल्या. पहिली म्हणजे भेट: प्रत्येक मातृमठाच्या मठाधिपतीने वर्षातून निदान एकदा आपल्या कन्यामठात स्वतः जाऊन पाहणी करायची, पण तिथल्या मठाधिपतीच्या इच्छेविरुद्ध त्याच्या मालमत्तेत किंवा माणसांत ढवळाढवळ करायची नाही. दुसरी म्हणजे वार्षिक महासभा: सर्व मठाधिपतींनी दरवर्षी सितोत जमायचे, एकमेकांच्या चुका काढायच्या, शिक्षा ठरवायच्या आणि सर्वांना बांधील असे निर्णय घ्यायचे. आजारपणासारख्या थोड्या कारणांखेरीज गैरहजेरी चालत नसे. आणि सितोचा मठाधिपतीच वाट चुकला तर? त्यालाही पहिल्या कन्यामठांचे प्रमुख समज देऊ शकत होते आणि तो ऐकत नसेल तर त्याला पदावरून दूर करण्याची तरतूद होती. आपल्या उत्तराधिकाऱ्यांना असे बांधून ठेवणारा संस्थापक विरळाच. शिवाय क्लूनीप्रमाणे बिशपला वळसा न घालता, ज्या धर्मप्रांतात नवा मठ होणार तिथल्या बिशपने आधी ही सनद मान्य केली पाहिजे, अशीही अट होती. त्यामुळे या पांढऱ्या मठवाशांना बिशपांकडून आमंत्रणे येऊ लागली.

नवा मठ वसवण्याचाही साचा ठरला. किमान बारा मठवासी आणि एक मठाधिपती, सोबत ठरलेली पुस्तके, आणि राहण्याजोगी जागा आधी तयार, एवढे असल्याशिवाय कोणालाही पाठवायचे नाही. प्रत्येक कन्यामठ स्वतः मातृमठ होऊ शकत होता, त्याच्या लेकींची पाहणी त्यानेच करायची होती, आणि म्हणून कितीही विस्तार झाला तरी सितोवर भार वाढत नव्हता. १११९ मधल्या दहा-बारा मठांचे बर्नार्डच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे ११५३ पर्यंत, सुमारे ३५० मठ झाले, आणि त्यांतले जवळपास निम्मे क्लेअरव्होच्या वंशातले होते. ११४५ मध्ये बर्नार्डचाच एक शिष्य तिसरा युजीन या नावाने पोप झाला. ११४७ मध्ये साव्हिन्यीचा संपूर्ण मठसमूह एका फटक्यात सामील करून घेण्यात आला. बर्नार्डचे वक्तृत्व, त्याची पत्रे, राजांच्या आणि पोपांच्या भांडणांतली त्याची मध्यस्थी यांनी माणसे ओढून आणली हे मान्यच आहे. मात्र आलेल्यांना सामावून घेणारी चौकट स्टीफनने त्याच्याआधी घालून दिली होती.

बर्नार्डच्या लेखणीने क्लूनीशी उघड भांडणही सुरू केले. ११२५ च्या सुमारास लिहिलेल्या एका लेखात त्याने काळ्या मठवाशांच्या जेवणाची अशी काही टवाळी केली आहे की, अंडी किती प्रकारांनी उलटली, तळली, घोटली आणि भरली जातात याचेच एक वाक्य होते. भिंतीवर सोने आणि दाराशी उपाशी गरीब, हा त्याचा दुसरा आक्षेप अधिक खोल होता. क्लूनीचे मठाधिपती पीटर यांनी शांतपणे उत्तर दिले की, नियमावलीनेच मठाधिपतीला विवेक वापरायला सांगितले आहे आणि प्रीती ही नियमाच्याही वर आहे. मला या वादात पीटर यांची बाजू वाचायला अधिक आवडते, जरी भुकेल्या गरिबांच्या मुद्द्याला त्यांच्याकडे पुरेसे उत्तर नव्हते.

वर सांगितलेली आरंभकथा ज्या वृत्तांतांतून येते, ते संघाने स्वतः आणि घटनांनंतर लिहिलेले आहेत, हे विसरून चालणार नाही. मोलेम सोडणे हा व्रतभंग किंवा बंडखोरी नव्हती, आम्ही अधिकाऱ्यांच्या परवानगीने गेलो, हे पटवणे हा त्यांचा एक हेतू उघड आहे. म्हणूनच त्यांत मूळ पत्रांच्या नकला एवढ्या काळजीने दिलेल्या आहेत. अमेरिकन इतिहासकार कॉन्स्टन्स बर्मन यांनी २००० साली याही पुढे जाऊन असे मांडले की, सनदेचे आणि आरंभकथांचे आज मिळणारे पाठ बाराव्या शतकाच्या उत्तरार्धातले आहेत आणि खऱ्या अर्थाने ‘संघ’ तेव्हाच आकाराला आला. अनेक मठ आधीच अस्तित्वात होते आणि नंतर सामावून घेतले गेले. त्यांच्या कालनिश्चितीला इतर अभ्यासकांनी जोरदार विरोध केला आणि बहुतेकांना ती मान्य नाही. तरीही विस्ताराचा मोठा भाग नव्याने वसवलेल्या मठांचा नसून आधीच्या वनवासी समूहांच्या विलीनीकरणाचा होता, हा त्यांचा मुद्दा टिकण्यासारखा आहे. स्त्रियांच्या मठांचेही असेच झाले. सितोजवळच्या तार येथे ११२० च्या दशकातच त्यांची राहणी स्वीकारलेला स्त्रियांचा मठ होता, पण महासभेने अशा मठांना अधिकृतपणे आपले म्हणायला कितीतरी वर्षे घेतली.

यशाने मोलेमची जुनी अडचण परत आणली, या वेळी कितीतरी मोठ्या प्रमाणावर. ११३२ मध्ये पोप दुसऱ्या इनोसंटने सिस्टर्शियनांना स्वतः कसलेल्या जमिनींवर दशमांश देण्यापासून सूट दिली. ज्यांनी दशमांश घेणे पाप मानले होते, त्यांना आता तो द्यावाही लागत नव्हता; फुकटच्या श्रमाची शिस्तबद्ध फौज हाताशी होती; खाणारी तोंडे साधी होती आणि मेंढ्यांची लोकर, द्राक्षमळे, लोहारकाम यांतून उत्पन्न वाढत होते. उरलेल्या पैशाचे करायचे काय, तर आणखी जमीन घ्यायची. शेजारच्या ग्रामचर्चांचे उत्पन्न त्यामुळे बुडू लागले. एकांत मिळावा म्हणून आधीपासून वसलेली गावे त्यांनी उठवल्याच्या तक्रारी झाल्या आणि इंग्लंडच्या दरबारातल्या वॉल्टर मॅप या उपहासकाराने त्यावरून त्यांना चांगलेच झोडपले. ११५२ मध्ये महासभेने यापुढे नवे मठ स्थापू नयेत असा ठराव केला, पण तो फारसा पाळला गेला नाही.

१२१५ मध्ये पोप तिसऱ्या इनोसंटने रोममध्ये चौथी लॅटरन परिषद भरवली. तिच्या बाराव्या निर्णयाने सर्व राज्यांतल्या आणि प्रांतांतल्या मठाधिपतींनी दर तीन वर्षांनी अशीच महासभा भरवावी असे फर्मावले, आणि या कामाचा सराव सिस्टर्शियनांना फार पूर्वीपासून आहे म्हणून आरंभी त्यांचे दोन मठाधिपती मार्गदर्शनाला बोलवावेत असेही सांगितले. त्याच परिषदेच्या पंचावन्नाव्या निर्णयाने त्यांच्या दशमांश-सवलतीला लगाम घातला: यापुढे मिळवलेल्या जमिनी ते स्वतःच्या हातांनी कसोत वा न कसोत, ज्यांवर आधी दशमांश दिला जात होता त्यांवर तो त्यांनीही दिला पाहिजे.